तसबिरीची तसबीर

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी घरोघरी उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा विषयासाठी दूर जावे लागले नाही. हबीबगंज, अरेरा कॉलनी किंवा तात्या टोपे नगर येथील आपल्या एखाद्या जुन्या सभासदाच्या घरी गेले, की भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींशेजारी पिवळसर पडलेली आणखी एक तसबीर बहुधा दिसते. पागोटे घातलेला एखादा पुरुष, किंवा नऊवारी नेसलेली, नाकात नथ असलेली एखादी बाई. “हे कोण?” असे विचारल्यास यजमान सांगतात, “आमचे पणजोबा. जुना फोटो आहे.”

पुष्कळदा तो फोटो पणजोबांचा नसतो, पणजोबांच्या चित्राचा असतो. प्रथम एखाद्या चित्रकाराने त्यांना रंगविले. पुढे ते चित्र जीर्ण होऊ लागले, किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा कोणा जाणत्या माणसाने त्या चित्राचा फोटो काढवून घेतला. मूळ चित्र कालांतराने नाहीसे झाले आणि तसबिरीची तसबीर तेवढी उरली. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. तो किरकोळ का नाही, हे सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाटणीत न बसणारी वस्तू

रंगविलेली तसबीर ही एकच असते. जमिनीचे, दागिन्यांचे, भांड्याकुंड्यांचे भाग पाडता येतात. वडिलांच्या तसबिरीचे पाडता येत नाहीत. ती थोरल्या पातीकडे राहते आणि धाकट्यांच्या मुलांना आपले आजोबा कसे दिसत हे ऐकूनच समजून घ्यावे लागते. सासरी गेलेल्या मुलीला तर तेवढाही वाटा नसे. फोटोने ही अडचण दूर केली. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या आणि लिफाफ्यात घालून त्या ग्वाल्हेरला, नागपूरला, बडोद्याला पाठविता येऊ लागल्या.

आपल्या भोपाळच्या मराठी मंडळींना याचे महत्त्व विशेष आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. त्यापूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. कचेऱ्यांबरोबर नागपूरकर नोकरवर्ग येथे आला. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, सागर, जबलपूर येथूनही कुटुंबे आली. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत वाड्यातील मोठाली चित्रे कोण आणणार? ती मागे राहिली. आले ते फोटो, ट्रंकेच्या तळाशी, धोतराच्या घडीत जपून ठेवलेले.

काचेवरची नक्कल

फोटोग्राफीची विद्या युरोपात १८३९ मध्ये जाहीर झाली आणि वर्ष-दोन वर्षांतच हिंदुस्थानात येऊन पोहोचली. आरंभीच्या दागेर पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटे. ते अतिशय सुबक असे, पण एकमेव असे. त्याच्या प्रती काढण्याची सोय नव्हती. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. कलोडियन नावाचे चिकट द्रव्य काचेवर पसरून ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची. काच वाळली की काम फसले, म्हणून फोटोग्राफरला आपली अंधारी खोली, निदान काळा तंबू, बरोबर बाळगावा लागे. त्या काचेवर उलटे चित्र उमटे आणि तिच्यावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर सुलटे चित्र छापले जाई. जुने फोटो पिवळे पडतात त्यात या बलकाचाही हात असतो.

मुंबईत ही विद्या लवकर रुजली. तेथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी या कलेत नाव मिळविले, तसेच हरिश्चंद्र चिंतामण यांनीही. आपल्या माळव्यात इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस असलेले लाला दीनदयाळ १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले आणि पुढे राजा दीनदयाळ या नावाने देशभर गाजले.

माणसाचा फोटो काढणे त्या काळी मोठे जिकिरीचे होते. काही सेकंद तरी निश्चल बसावे लागे आणि मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. रंगविलेल्या चित्राचे तसे नाही; चित्र पापणी हलवीत नाही. त्यामुळे एका परीने हे काम सोपे होते. अडचण दुसरीच होती. तैलचित्रावर व्हार्निशचा हात असतो आणि त्यावर उजेड पडला की ते चकाकते. म्हणून चित्र भिंतीवरून उतरवून अशा जागी ठेवावे लागे, की उजेड भरपूर मिळावा पण चकाकी कॅमेऱ्याकडे येऊ नये. तरीही काही जुन्या प्रतींत एखाद्या कोपऱ्यात पांढरट डाग राहिलेला दिसतो. तो कागदाचा दोष नव्हे, त्या दिवशीच्या उजेडाची ती खूण आहे.

तांबड्याचे काळे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. त्या जुन्या काचांना सर्व रंग सारखे दिसत नसत. निळा व जांभळा प्रकाश त्यांच्यावर चटकन परिणाम करी. पिवळ्याचा परिणाम फार थोडा होई आणि तांबड्याचा जवळजवळ नाहीच. परिणाम असा, की चित्रातील निळी शाल फोटोत पांढरी दिसे, आणि तांबडे पागोटे, कपाळावरील गंध, कुंकू हे सर्व काळे दिसे. माणसाच्या फोटोत हे होईच, चित्राच्या फोटोतही तेच होई.

या दोषावर ज्यांनी उपाय शोधले त्यांत एका गृहस्थाचा आपल्या भोपाळशी संबंध आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. जेम्स वॉटरहाउस हा तोफखान्यातील तरुण अधिकारी सरकारी हुकमावरून मध्य हिंदुस्थानातील लोकांचे फोटो काढीत हिंडत होता. १८६२ च्या अखेरीस तो भोपाळला आला आणि नवाब सिकंदर बेगम, त्यांच्या कन्या शाहजहान बेगम व दरबारातील मंडळी यांचे फोटो त्याने काढले. पुढे कलकत्त्यास सर्व्हे खात्यात नकाशांच्या फोटोवरून नकला छापण्याचे काम त्याच्याकडे आले. म्हणजे हयातभर सपाट वस्तूंच्या बिनचूक नकला काढणे हाच त्याचा व्यवसाय झाला. १८७३ मध्ये जर्मनीच्या हेर्मान फोगेल याने दाखवून दिले, की विशिष्ट रंगद्रव्ये मिसळल्यास काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही कळू लागतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच वॉटरहाउसने इओसिन नावाच्या तांबड्या रंगाचा असाच उपयोग दाखविला. तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि तेव्हाही पुष्कळ फोटोग्राफर जुन्याच साध्या काचा वापरीत राहिले.

आमच्या घरची गोष्ट

हे शास्त्र मी पुस्तकातून शिकलो, पण त्याचा उपयोग कळला तो घरातच. वडील १९५६ साली कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावर डकवलेले दोन लहान फोटो होते. नागपूरच्या वाड्यात काही रंगीत चित्रे होती, एका पावसाळ्यात छप्पर गळून ती खराब झाली, पण त्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवले होते, एवढीच हकिकत वडिलांना माहीत होती. फोटोंच्या मागे एक अक्षर लिहिलेले नव्हते.

एका फोटोत पांढऱ्या पागोट्याचे गृहस्थ होते, दुसऱ्यात काळ्या पागोट्याचे. आमच्या घराण्यात काळे पागोटे कोणी घातल्याचे कोणाला आठवेना. तेव्हा पांढऱ्या पागोट्याचे ते पणजोबा, आणि काळ्या पागोट्याचा तो वाड्यात येणारा कोणी सावकार असावा, असे ठरले. पणजोबांना चौकट झाली, दिवाणखान्यात जागा मिळाली, श्राद्धतिथीला हार मिळू लागला. सावकार ट्रंकेत परत गेला. अशी सुमारे चाळीस वर्षे गेली.

एकदा ट्रंक आवरताना तो फोटो पुन्हा हाती आला. त्या गृहस्थांच्या कपाळावर उभे गंध होते आणि तेही पागोट्याइतकेच काळे होते. आमच्याकडे गंध तांबडे लावतात. काळे कोणी लावत नाही. मग गंधाचे जे झाले तेच पागोट्याचे झाले नसेल कशावरून? उज्जैनला आमची आत्या होती, तेव्हा ऐंशीच्या घरात आलेली. वाड्यातील चित्रे डोळ्यांनी पाहिलेली तीच एक उरली होती. फोटो घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि तो दाखविण्याआधी एवढेच विचारले, “आत्या, वाड्यातल्या आजोबांच्या चित्रात पागोटे कोणत्या रंगाचे होते गं?”

“तांबडे,” ती लगेच म्हणाली. “सोप्यात टांगलेलं असायचं. दिवेलागणीला त्याच्याखालून जायची मला भीती वाटे.”

मग मी दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले. काळ्या पागोट्याच्या फोटोवर तिने बोट ठेवले. “हे माझे आजोबा. आणि हे पांढरं पागोटंवाले त्यांचे थोरले भाऊ.”

आम्ही चाळीस वर्षे पणजोबांना ट्रंकेत ठेवून त्यांच्या भावाला हार घालीत होतो, हे मी तिला सांगितले तेव्हा मनातून ओशाळलो होतो. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “थोरल्या आजोबांना मूलबाळ नव्हतं रे. त्यांना कोण हार घालणार होतं? घातलात ते बरंच झालं.”

आता दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी आहेत. आत्या त्यानंतर दोन वर्षांनी गेली. मी आणखी दोन वर्षे आळस केला असता, तर पणजोबा कायमचे सावकार राहिले असते.

मोठ्यांच्या घरचीही तीच कथा

जी गोष्ट आपल्या घरची, तीच इतिहासाचीही. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे चेहरे आज शाळेतील मुलांनाही ओळखीचे आहेत. ते आले कोठून? जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात राहून त्याने पेशवे, नाना, महादजी शिंदे यांची चित्रे काढली. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट यांच्यासारखा पुण्याचा मराठी चित्रकारही तयार झाला. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा अंत झाला आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही वारला. नाना १८०० मध्ये गेले. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. परंतु वेल्सचे पेशवे व नाना यांचे मोठे चित्र इंग्लंडला गेलेले होते. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात सामील झाले. पुढे अशा जुन्या चित्रांचे फोटो निघाले, फोटोंवरून ठसे झाले आणि पुस्तकांतून ते चेहरे घरोघर पोहोचले. या कामी साताऱ्याचे इतिहाससंग्राहक कै. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे स्मरण केलेच पाहिजे. त्यांचे ‘इतिहाससंग्रह’ मासिक १९०८ मध्ये सुरू झाले आणि जुन्या पुण्याविषयीचा त्यांचा सचित्र इंग्रजी ग्रंथ १९२१ मध्ये निघाला.

नक्कल एकच असली तर ती मुळाइतकीच दुबळी असते, याचाही धडा इतिहासात आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून रंगविल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत चार-दोन वगळता सर्व जळाल्या. एवढे कष्ट एकाच छपराखाली ठेवले गेले होते.

नावाचा घोटाळा मोठ्यांनाही चुकलेला नाही. २००९ मध्ये आपल्या भोपाळच्याच एका प्रदर्शनात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा म्हणून एक फोटो मांडण्यात आला. वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला आणि पाठोपाठ तो फोटो राणीचाच कशावरून, अशी शंकाही घेतली गेली. तिला निर्णायक उत्तर मिळालेले नाही. फोटो चेहरा जपतो. नाव जपण्याची शक्ती त्याच्यात नाही.

ओळखावे कसे

घरातील जुना फोटो माणसाचा की चित्राचा, हे ठरविण्यासाठी पुढील खुणा उपयोगी पडतात.

पहिली खूण सालाची. जी व्यक्ती १८४० पूर्वी वारली तिचा फोटो असणेच शक्य नाही. अहिल्याबाई होळकर १७९५ मध्ये निवर्तल्या. त्यांचा फोटो म्हणून जे दिसेल ते कोणत्या तरी चित्राचे किंवा मूर्तीचे असणार.

दुसरी खूण पोताची. भिंग घेऊन पाहावे. कापडाचे उभे-आडवे विणकाम, रंगाला गेलेल्या बारीक भेगा किंवा कुंचल्याचे फटकारे दिसले, तर तो चित्राचा फोटो समजावा.

तिसरी खूण कडेची. चौकटीची कड, खिळ्याचे डोके किंवा वर सांगितलेला चकाकीचा डाग कोपऱ्यात सापडतो.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. उलट प्रकारही असतो. खऱ्या माणसाच्या फोटोवर हाताने रंग भरून त्याला चित्राचे रूप देण्याची चाल आपल्याकडे फार होती. अशा तसबिरीत कपडे, दागिने व गालिचा रंगाखाली झाकलेले असतात, पण चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांपाशी, फोटोची मऊ सावली डोकावते.

आपण काय करावे

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून हे काम पूर्वीच्या मानाने फुकटात होते. तसबीर उतरवून व्हरांड्यात सावलीच्या उजेडात ठेवावी, उन्हात नव्हे. मोबाइल तिच्या मध्याशी समांतर धरावा आणि फ्लॅश लावू नये. काचेत आपलेच प्रतिबिंब पडत असेल तर दुसऱ्याने काळे कापड आडवे धरावे. चौकटीसह एक, नुसत्या चित्राचा एक आणि मागील बाजूचा एक असे तीन फोटो घ्यावेत. मागे पुष्कळदा दुकानाचा शिक्का किंवा पुसट अक्षर असते.

जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये. आहे तसाच काचेवरून टिपावा. ओल्या फडक्याने पुसू नये; चिकटपट्टी व डिंक यांना हात लावू नये. भोपाळच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून तसबीर आतल्या भिंतीवर लावावी आणि पाठीमागे हवा खेळेल अशी फट ठेवावी. वाळवी व कसर यांच्याकडे वर्षातून एकदा तरी लक्ष द्यावे. प्रती निदान तीन घरी, शक्य तर तीन गावी ठेवाव्यात.

हल्ली संगणकाकडून जुन्या फोटोत रंग भरून घेण्याची हौस वाढली आहे. हौस जरूर करावी, पण तो रंग अंदाजाचा असतो हे विसरू नये. काळ्या झालेल्या पागोट्याचा तांबडा रंग संगणकाला ठाऊक नसतो. तो आमच्या आत्यालाच ठाऊक होता.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिहावे. पुठ्ठ्याच्या मागे मऊ पेन्सिलीने, किंवा सोबतच्या लिफाफ्यावर, पूर्ण नाव लिहावे. कोणाचे कोण, गाव कोणते, अदमासे साल काय, मूळ चित्र कोणाकडे होते, रंग कोणते होते, आणि ही माहिती कोणी व केव्हा सांगितली, हेही लिहावे. बायकांच्या तसबिरींकडे विशेष लक्ष द्यावे. पुरुषाचे नाव सातबाऱ्यात, सनदेत, कचेरीत कोठे तरी सापडते. पणजीचे नाव बहुधा कोठेच नसते. तिचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे लिहावीत.

हे सर्व काम एका रविवारच्या दुपारचे आहे. मात्र त्यासाठी लागणारी एक वस्तू बाजारात मिळत नाही, ती म्हणजे सांगणारे माणूस. प्रत्येक घरी असे एखादे माणूस आज आहे, कोठे आजी, कोठे आत्या, कोठे गावाकडचे काका. न्यासाच्या महोत्सवाच्या वर्षात प्रत्येक सभासद कुटुंबाने एवढा एकच संकल्प करावा, की घरातील एकही तसबीर बिननावाची राहणार नाही. तसबिरी भिंतीवरून उतरवा, चहा ठेवा आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा. बाकीचे ते सांगेल. आपण लिहून घ्यावे.